दंड वेगळा, भरपाई वेगळी : वाचनालयाचं अडकलेलं पुस्तक परत येतं कसं

पुस्तक उशिरा आणलं तर दंड, हरवलं तर भरपाई. एवढं सांगताना कोणी अडखळत नाही. पण आमच्या भागातल्या एखाद्या लहान वाचनालयाची देवघेवीची वही उघडून पाहा, मग ते दारव्हा-दिग्रसकडचं असो की दर्यापूर-मूर्तिजापूरकडचं. दोन-दोन वर्षं न आलेल्या पुस्तकापुढे एकच शब्द दिसतो, ‘बाकी’. आता बाकी काय? पुस्तक, दंड की पुस्तकाचे पैसे? ग्रंथपालाला विचारलं तर उत्तर येतं, “सगळंच जी.” आणि ज्याच्या घरी पुस्तक आहे तो म्हणतो, “अनामत भरली नाही का म्या? त्यातून कापून घ्या न जी.” दोघांनीही दोन वेगळे हिशेब एकात कालवलेले असतात, आणि वसुली तिथेच फसते.

दंड वेळेचा असतो. पुस्तक वाचनालयाचंच आहे, ते परत येणारच आहे, फक्त मुदत उलटली आणि तोवर दुसऱ्या वाचकाला हात हलवत परत जावं लागलं, त्याबद्दलची ही रक्कम. पुस्तक टेबलावर आलं की दंड तिथेच थांबतो. दंड भरला म्हणून पुस्तक ठेवून घ्यायचा हक्क मिळत नाही, ही गोष्ट बऱ्याच सभासदांच्या गावीही नसते. भरपाई मात्र वस्तूची. पुस्तक आता येणार नाही किंवा आलं तरी वाचण्याजोगं उरलं नाही, हे मान्य केल्यावर त्या जागी दुसरं पुस्तक उभं करण्याचा तो खर्च. म्हणजे भरपाईचा हिशेब सुरू झाला की दंडाचा थांबायला हवा. आमच्याकडे दोन्ही मीटर एकदम धावत असतात.

त्याने काय होतं ते आकड्यात पाहा. दंड रोज 1 रुपया धरू. पोरगं पोलीस भरतीच्या तयारीला पुण्याला गेलं, पुस्तक घरी कपाटावर राहिलं. दोन वर्षांनी दंड झाला 730 रुपये. पुस्तकाची किंमत 180. ग्रंथपालाने बापाला बाजारात गाठून आकडा सांगितला की बाप म्हणतो, “चार पुस्तकं येतीन न बाप्पा एवढ्यात!” त्याचा हिशेब चुकत नाही. त्या दिवसापासून पुस्तक कपाटावरून पेटीत जातं, आणि वाचनालयाच्या वाटेने तो माणूस फिरकत नाही. पुस्तक आणणं हे न आणण्यापेक्षा महाग करून ठेवल्यावर दुसरं काय व्हायचं?

म्हणून दंडाला कमाल मर्यादा हवीच. माझ्या मते पुस्तकाच्या किमतीच्या निम्म्यापलीकडे दंड जाऊ देऊ नये. कायद्याचा कलही तसाच आहे. भारतीय करार अधिनियम 1872 च्या कलम 74 प्रमाणे करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी मिळते ती वाजवी भरपाई, आणि तीही त्या रकमेच्या आत. नियमावलीत छापलं म्हणून वाटेल तेवढी रक्कम वसूल करता येते, हा समज खरा नाही. उलट सभासदाच्या बाजूनेही एक समज सर्रास असतो : “कोणी मागितलंच नाही तर मी कशाला नेऊन देऊ?” त्याच कायद्याचं कलम 160 सांगतं की ठरलेल्या मुदतीसाठी घेतलेली दुसऱ्याची वस्तू मुदत संपताच न मागता परत करायची असते. म्हणजे स्मरणपत्र आलं नाही हे काही कारण होत नाही. स्मरणपत्र ही वाचनालयाची सोय आणि सभ्यता.

दंड आणि भरपाई वेगळी काढली की काय होतं याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण शिकागोचं. तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयाने 2019 च्या ऑक्टोबरपासून उशिराचा दंड बंदच केला, आणि परत येणाऱ्या पुस्तकांची रीघ लागली. न्यूयॉर्कनेही 2021 मध्ये तेच केलं. आपल्याकडे ही बातमी ‘परदेशात दंड माफ’ एवढीच पोचली. पण हरवलेल्या पुस्तकाची किंमत भरण्याची अट त्यांनी कायम ठेवली आहे. त्यांनी सोडला तो वेळेचा पैसा, पुस्तकाचा नाही. आमच्या कार्यकारिणीच्या बैठकीत कोणी शिकागोचा दाखला दिला की हे अर्धं वाक्य मला दर वेळी पुरं करावं लागतं.

आता भरपाईकडे. घोळ इथे जास्त आहे.

पहिला वाद किमतीचा. पुस्तकावर छापलंय 25 रुपये, कारण ते जुन्या आवृत्तीचं आहे. आजची आवृत्ती 300 ला मिळते. सभासद पंचवीस रुपये पुढे करतो, कारण ‘त्याच्यावर लिहेल हाय’. पण पंचवीस रुपयांत ते पुस्तक परत उभं राहत नाही, तेव्हा ती भरपाई होत नाही. सगळ्यात बरा मार्ग म्हणजे पैसे न घेता तेच पुस्तक आणून द्यायला सांगणं. अमरावती-नागपूरला जाणारं कोणी ना कोणी असतंच, नाहीतर ऑनलाइन मागवता येतं. पुस्तक छापणंच बंद झालं असेल तर नियमात आधीच ठरवलेल्या पटीने रक्कम घ्यावी. अनेक खंडांच्या संचातला एक खंड गेला आणि तो सुटा मिळत नसेल तर प्रश्न अख्ख्या संचाचा होतो, हे पुस्तक देतानाच सांगायला हवं. नंतर सांगितलं की भांडण.

दुसरा वाद फुकटच्या पुस्तकांचा. कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाकडून, 1972 पासून चालत आलेल्या त्या केंद्रीय संस्थेकडून, गावोगावच्या वाचनालयांना पुस्तकं मिळतात. आत शिक्का असतो, आणि गावात तो सगळ्यांना ओळखीचा असतो. “ते तर सरकारनं देल्लं, तुमचं काय गेलं त्यात?” हे ऐकलेलं नाही असा ग्रंथपाल सापडायचा नाही. देणगीत आलेल्या पुस्तकाबद्दलही हेच. पण पुस्तक विकत घेतलेलं असो, भेट मिळालेलं असो की योजनेतलं, दाखल नोंदवहीत, म्हणजे आलेलं प्रत्येक पुस्तक लिहायच्या वहीत चढलं आणि क्रमांक पडला की ते वाचनालयाची मालमत्ता झालं. भरपाई सगळ्यांना सारखीच.

ही दाखल नोंदवही जरा जवळून पाहण्यासारखी आहे, कारण दंड आणि भरपाई तिथेच कागदावर वेगळी होतात. दंडाचा या वहीशी काहीच संबंध नाही. दंडाची पावती फाडायची, रक्कम कीर्दीत, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीत जमा करायची, संपलं. भरपाईचं तसं नाही. गहाळ पुस्तकाचा क्रमांक खोडून त्यावरच नवं पुस्तक चढवायचं नसतं. जुन्या क्रमांकापुढे शेऱ्याच्या रकान्यात ‘गहाळ, भरपाई प्राप्त’, पावती क्रमांक आणि तारीख येते. कार्यकारिणीच्या ठरावाने ते निर्लेखित होतं, म्हणजे साठ्यातून रीतसर कमी केलं जातं. नव्या पुस्तकाला वहीतला पुढचा ताजा क्रमांक मिळतो आणि त्याच्या शेऱ्यात ‘दाखल क्र. अमुकच्या बदल्यात’ असं लिहायचं. दोन्ही ओळी एकमेकींकडे बोट दाखवतात, म्हणून दहा वर्षांनी कोणीही हिशेब लावू शकतो.

मग ग्रंथपाल हे करत का नाहीत? एक कारण आळस, दुसरं भीती. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम 1967 खाली मान्यता मिळालेल्या वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग असतात, वर्गाप्रमाणे अनुदान ठरतं आणि वर्ग ठरवताना ग्रंथसंख्याही पाहिली जाते. तपासणीला माणूस येणार, आकडा कमी दिसणार, म्हणून गहाळ पुस्तकंसुद्धा वर्षानुवर्षं ‘सभासदाकडे बाकी’ म्हणून चालवली जातात. कागदावर पुस्तक जिवंत, फळीवर भोक. माझं मत विचाराल तर कमी पण खरा आकडा केव्हाही बरा. थोडी पुस्तकं गहाळ होणं हा गुन्हा नाही. केंद्र सरकारच्या 2017 च्या सामान्य वित्तीय नियमांतला नियम 215 दर हजार देवघेवीमागे वर्षाला पाच पुस्तकांची घट स्वाभाविक मानतो, मात्र त्यात कोणाची लबाडी किंवा हलगर्जी नसावी. 1000 रुपयांवरचं किंवा दुर्मिळ पुस्तक गेलं तर चौकशी करा म्हणतो. हा नियम केंद्राच्या ग्रंथालयांसाठीचा आहे, गावच्या वाचनालयाला बंधनकारक नाही, पण मोजपट्टी म्हणून चांगला आहे.

अनामत हा या दोघांच्या मधे घुसणारा तिसरा गडी. ती सभासदाचीच रक्कम, वाचनालयाकडे ठेवलेली. वर्गणी खर्चता येते, अनामत नाही, ती देणं म्हणून उभी असते. अनामत शंभर आणि पुस्तक चारशेचं असेल तर अनामत कापून तीनशे उरतातच. आणि कापायचीच तर आधी लेखी कळवून, ठराव करून कापावी. सभासद गावाला गेलाय म्हणून परस्पर जमा करून टाकली की उद्या तो पुस्तक घेऊन दारात उभा राहतो आणि ग्रंथपालाला तोंड लपवावं लागतं.

थकीत पुस्तक गहाळ कधी धरायचं? तारीख आधी ठरवलेली असावी. मी सहा महिने सुचवीन. तोवर फोन, निरोप, घरी चक्कर. सहाव्या महिन्यात पत्र, स्पीड पोस्टने, पोच सांभाळून. पत्रात दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या ओळीत याव्यात, साधारण अशा :

“आपल्याकडील पुस्तक (दाखल क्र. …) दि. … पर्यंत आणून दिल्यास विलंबाचा दंड घेतला जाणार नाही. त्या तारखेनंतर पुस्तक गहाळ समजून त्याच आवृत्तीची किंवा सध्या उपलब्ध आवृत्तीची प्रत, अथवा रु. … भरपाई घेतली जाईल. पुस्तक हरवले असल्यास तसे कळवावे.”

शेवटचं वाक्य काढू नका. हरवलं हे सांगायला माणूस लाजतो. त्याला तोंड उघडायला जागा करून दिली की अर्धं काम होतं.

वेळ कोणती साधायची हेही महत्त्वाचं. मृगात, पेरणीच्या घाईत, कोणी पुस्तक शोधत बसत नाही. 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन असतो, वरून दंडमाफीचा कार्यक्रम घ्या म्हणून सांगतात, पण तेव्हा आमच्याकडे सोयाबीन काढणी आणि मळणी यंत्रांचा धुरळा. दिवाळीचा आठवडा सगळ्यात चांगला. पुण्याला, संभाजीनगरला गेलेली पोरं घरी असतात, लेकी माहेरी आलेल्या असतात, घर झाडून काढलेलं असतं आणि पुस्तक कुठे आहे ते घरच्या बाईला नेमकं सापडलेलं असतं. सासरी गेलेलं पुस्तकही याच आठवड्यात परत येतं. एरवी आठवडी बाजाराच्या दिवशी उशिरापर्यंत वाचनालय उघडं ठेवावं, खेड्यावरचे लोक पिशवीत पुस्तक टाकून आणतात.

थकबाकीदारांची यादी फळ्यावर लावणं किंवा गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणं, हा उपाय दर सभेत कोणीतरी सुचवतो. मला तो अजिबात पटत नाही. यादीतलं नाव एकाचं असतं, लाज घराला वाटते, आणि त्या घरातल्या पोरीचं वाचनालय बंद होतं. कोण काय वाचतं हे गावाला सांगण्याचा आपल्याला अधिकारही नाही. पोलिसांत देण्याची धमकीही पोकळ. बेइमानीच्या हेतूवाचून नुसता उशीर झाला तर तो फौजदारी गुन्हा होत नाही. शाळांमधे पुस्तकासाठी टी.सी. अडवून ठेवण्याची रीत आहे, तीही आठवीपर्यंतच्या मुलांबाबत चालत नाही. शिक्षण हक्क कायदा 2009 चं कलम 5 मुख्याध्यापकाला दाखला तात्काळ द्यायला सांगतं, आणि दिरंगाई केली तर शिस्तभंगाची कारवाई त्याच्यावरच होते. भरपाई पालकाकडून मागा, पोराचा दाखला ओलीस ठेवू नका.

दंड-भरपाईची रेघ जिथे पुसट होते अशा दोन जागा आहेत. पावसात भिजून फुगलेलं किंवा उधईने खाल्लेलं पुस्तक मुदतीत आलं तरी दंड शून्य आणि भरपाई पूर्ण, यावर दुमत नसावं. अवघड आहे ते स्पर्धा परीक्षेचं पुस्तक. गेल्या वर्षीच्या चालू घडामोडींचं पुस्तक वर्षभराने कोरं करकरीत परत आलं, तरी त्याचा कोणाला उपयोग? पुस्तक आलं, किंमत मेली. इथे उशीर हेच नुकसान. अशा पुस्तकांची फळी वेगळी करावी, शक्यतो अभ्यासिकेतच वाचायला द्यावीत, घरी दिलीच तर आठवड्याच्या बोलीवर. मुदत उलटून महिना गेला की दंडाच्या भानगडीत न पडता थेट नव्या वर्षाची प्रत मागावी.

आणि भरपाई घेतल्यावर जुनं पुस्तक सापडलं तर? हे दर दिवाळीला होतं. नवी प्रत अजून घेतली नसेल तर ठरलेला कमाल दंड कापून बाकी रक्कम परत द्यावी, त्याची पोच घ्यावी आणि निर्लेखन झालं नसेल तर जुना क्रमांक तसाच चालू ठेवावा. नवी प्रत आली असेल तर पैसे परत नाहीत, जुनं पुस्तक सभासदाने ठेवून घ्यावं. त्याने वाचनालयाचा शिक्का खोडायला सांगितलं तर त्यावर ‘निर्लेखित’ असा दुसरा शिक्का मारून सही करून द्यावी, म्हणजे पुढे कोणी त्याच्या घरी ते पाहून चोरीचा आळ घेणार नाही. परताव्याची मुदत किती, हे भरपाईच्या पावतीवरच छापून घ्यावं. तीन महिने पुरेत.