जँगो अपग्रेडनंतरचे इम्पोर्ट एरर

जँगो या पायथनमधील वेब फ्रेमवर्कची आवृत्ती वाढवल्यावर जुना प्रकल्प सुरूच होत नाही आणि टर्मिनलवर इम्पोर्ट एरर, म्हणजे मागवलेला कोड न मिळाल्याची चूक, उमटतो. प्रकल्पाच्या कोडमध्ये कोणी अक्षरही बदललेले नसते. तो कोड जे नाव मागतो, ते फ्रेमवर्कमधून काढलेले असते. ‘मॉड्यूल नॉट फाउंड’ म्हणजे अख्खे मॉड्यूलच (कोडची फाइल किंवा फाइलींचा संच) सापडले नाही; ‘कॅनॉट इम्पोर्ट नेम’ म्हणजे मॉड्यूल आहे, पण त्यातले ते नाव नाही. ‘जँगो’ हेच मॉड्यूल सापडत नसेल, तर बहुधा व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (प्रकल्पाची पॅकेजेस वेगळी ठेवणारी जागा) चालू केलेले नसते.

जँगो २.० मध्ये (डिसेंबर २०१७) ‘जँगो डॉट कोअर’खालचे ‘यूआरएलरिझॉल्व्हर्स’ हे मॉड्यूल गेले. त्यातले ‘रिव्हर्स’ १.१० पासूनच ‘जँगो डॉट यूआरएल्स’मध्ये होते. ३.० मध्ये पायथन २ साठी ठेवलेले ‘सिक्स’ हे मॉड्यूल गेले. ४.० ने (डिसेंबर २०२१) आणखी नावे काढून अनेक प्रकल्प अडवले. ‘यूगेटटेक्स्ट’च्या जागी ‘गेटटेक्स्ट’ आणि ‘फोर्स टेक्स्ट’च्या जागी ‘फोर्स एसटीआर’ लिहिले की काम भागते, पण पानांचे पत्ते जुळवणाऱ्या ‘यूआरएल’ फंक्शनच्या बाबतीत सावध राहावे लागते. त्याचा खरा वारस ‘री पाथ’ आहे, कारण तोही रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकुराचा नमुना सांगणारी चिन्हांची भाषा) घेतो. घाईत ‘पाथ’ लिहिले तर एरर जातो, पण ‘पाथ’ त्यातली चिन्हे जशीच्या तशी अक्षरे म्हणून वाचतो आणि पानांवर ४०४, म्हणजे ‘पान सापडले नाही’, येऊ लागतो. जँगोची स्वतःची तपासणी याबद्दल इशारा देते, तो वाचावाच.

ट्रेसबॅकची, म्हणजे एररसोबत छापल्या जाणाऱ्या ओळींच्या यादीची, शेवटची ओळ काय हरवले ते सांगते. कोणाच्या कोडमध्ये, ते तिच्या वरच्या फाइलच्या पत्त्यावरून कळते. पत्त्यात ‘साइट-पॅकेजेस’ (बसवलेल्या पॅकेजेसचा फोल्डर) असेल तर दोष बहुधा बाहेरून घेतलेल्या पॅकेजचा असतो. ती फाइल हाताने दुरुस्त करू नये. पॅकेज पुन्हा बसवताच दुरुस्ती पुसली जाते. नव्या जँगोला चालणारी त्या पॅकेजची आवृत्ती घ्यावी, आणि तशी निघालीच नसेल तर अपग्रेड थांबवावे.

यातले बरेच एरर आधी टाळता येतात. नाव काढण्यापूर्वी जँगो निदान दोन आवृत्त्या ताकीद देते, पण पायथन अशा ताकिदी सहसा दाखवत नाही. पायथनला ‘-डब्ल्यूए’ (-Wa) हा पर्याय देऊन चाचण्या चालवल्या की त्या दिसतात. म्हणूनच २.२ वरून थेट ४.२ वर उडी मारण्याऐवजी आधी ३.२ वर थांबावे: ४.० मध्ये जाणारी ही नावे तिथे अजून चालतात आणि बदलायच्या ओळी ताकिदींतून समोर येतात.