तेल बदलता येतं हो, कागदाचं काय?

सोलापुरात एप्रिल उजाडला की पारा ४० च्या वर, त्यात पॉवरलूम, टॉवेलचे कारखाने, घरोघरी कूलर, सगळा लोड एकदम अंगावर येतो आणि मग ट्रान्सफॉर्मरच्या तेलाची आठवण होते. आठवण म्हणजे काय तर बीडीव्ही, म्हणजे ब्रेकडाउन व्होल्टेज, २.५ मिमीच्या गॅपमध्ये तेल किती केव्ही (हजार व्होल्ट) सोसतं ते बघायचं, आकडा चांगला आला की रिपोर्ट फाइलला.

ही सवय जुनी आहे. सुरुवातीचे ट्रान्सफॉर्मर कोरडेच असायचे, १८९० च्या दशकात ते तेलात बुडवायला लागले, कारण तेल इन्सुलेशनही करतं, म्हणजे वीज भलतीकडे जाऊ देत नाही, आणि उष्णताही बाहेर काढतं. वाइंडिंगवर, म्हणजे आतल्या तारेच्या वेटोळ्यांवर, इन्सुलेशनसाठी गुंडाळलेला कागद मात्र आत बंद, व्हॉल्व्ह उघडला की हाताला लागतं ते तेलच, म्हणून वर्षानुवर्षं तपासणी तेलाचीच झाली. १९२१ ला जर्मनीत माक्स बुखहोल्झचा रिले, म्हणजे बिघाड ओळखणारं उपकरण, आला, गॅस साठला की अलार्म द्यायचा, पण तोवर आत बरंच बिघडलेलं असायचं. १९३० ला अमेरिकेत मॉन्टसिंगरनं मांडलं की तापमान ८ अंशांनी वाढलं की इन्सुलेशनचं आयुष्य निम्मं होतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हा नियम प्रत्येक मेंटेनन्सवाल्याला तोंडपाठ पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

खरा फरक १९७० च्या आसपास पडला. तेलात विरघळलेले गॅस मोजायचे, म्हणजे डीजीए. डोर्नेनबुर्ग, इंग्लंडचे रॉजर्स, कॅनडातल्या हायड्रो-क्युबेकचे मिशेल दुव्हाल यांनी कुठला गॅस काय सांगतो ते बसवलं, अ‍ॅसिटिलीन आलं तर आत आर्किंग, म्हणजे विजेच्या ठिणग्या, कार्बन मोनॉक्साइड वाढला तर कागद भाजत असल्याचा संशय. मग १९८० च्या दशकात फ्युरान टेस्ट आली, कागदातलं सेल्युलोज तुटताना तयार होणारी ही संयुगं तेलात उतरतात, त्यावरून कागदाच्या डीपीचा, म्हणजे सेल्युलोजच्या साखळ्या किती लांब उरल्यात त्याचा, अंदाज लागतो. नवीन कागदाचा डीपी १००० च्या आसपास, २०० ला आला की कागद संपला, शॉर्टसर्किटचा एक धक्काही तो सोसत नाही.

३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ७६५ केव्ही लाइन सुरू झाली आणि दक्षिणेची ग्रिड देशाच्या ग्रिडला जोडली गेली, ते टोक आपल्या सोलापूरचं. पण याच गावात कारखान्याच्या आवारातल्या ट्रान्सफॉर्मरला बीडीव्ही कमी आली की थेट फिल्टर मशीन लावतात, हे बघून जीव तुटतो. फिल्टर केलं की ओलावा जातो, बीडीव्ही ६० च्या वर दिसते, पण व्हॅक्यूममध्ये गॅसही निघून जातात, फ्युरानही कमी होऊ शकतं, म्हणजे पुरावाच धुतला आणि कागद होता तसाच. म्हणून मशीन जोडायच्या आधी काचेच्या सिरिंजमध्ये, बुडबुडा न येऊ देता डीजीएचं सँपल घ्या, फ्युरानसाठी वेगळी बाटली भरा, आणि फिल्टरनंतर पुन्हा एक घेऊन ठेवा, पुढच्या उन्हाळ्यात तुलना त्याच्याशीच करायचीय.