ओकावांगोचं मीठ जातं कुठे?

‘वाळवंटात गायब होणारी गूढ नदी’ असा एक व्हिडिओ अधूनमधून फोनवर येतो. नदी ओकावांगो, देश बोट्स्वाना. पण तिच्या गायब होण्यात गूढ काहीच नाही. उतार संपला, पाणी पसरलं, उन्हाने वाफ झाली. खरं कोडं पुढे आहे आणि व्हिडिओवाले तिथवर पोहोचतच नाहीत.

बोट्स्वानाच्या कडेकडेच्या नद्यांची गोष्ट सरळ आहे. लिम्पोपो थेट आणि चोबे झांबेझीमार्गे, दोघी हिंदी महासागराला मिळतात. देशाच्या बऱ्याच भागात मात्र पावसाळ्यापुरती वाहणारी वाळूची पात्रंच आहेत. पावसाचं अप्रूप एवढं की चलनाचं नावच ‘पुला’, म्हणजे पाऊस! ओकावांगो निघते अंगोलाच्या डोंगराळ भागातून, नामिबियाची चिंचोळी पट्टी ओलांडते आणि बोट्स्वानात एका खचलेल्या जमिनीत पंख्यासारखी पसरते. तिथे उतार इतका कमी की अंगोलात दक्षिण गोलार्धातल्या उन्हाळ्यात (जानेवारीच्या आसपास) पडलेल्या पावसाचा पूर खाली माउन गावाजवळ पोहोचेपर्यंत कोरडा हिवाळा, म्हणजे जून-जुलै उजाडतो.

वर्षाला साधारण 10 घन किलोमीटर पाणी या पंख्यात येतं आणि त्यातलं 95 टक्क्यांहून जास्त तिथेच हवेत जातं. लिटरमागे 40 मिलिग्रॅम क्षार धरले (म्हणजे पाणी अगदी गोडंच), तरी गुणाकार करून पाहा: वर्षाला 4 लाख टन. पाणी उडतं, क्षार उडत नाहीत. आपलं लोणार आठवा. तिथे झरे येतात, बाहेर वाट नाही, म्हणून पाणी खारं आणि अल्कधर्मी झालं. मग हजारो वर्षं हेच चाललेली ओकावांगो गोडी कशी?

उत्तर बेटांत आहे, आणि बऱ्याच बेटांची सुरुवात वाळवीने केलेली असते. वारुळाचा उंचवटा पुरात बुडत नाही, म्हणून त्यावर झाड रुजतं. अंजिराच्या कुळातली झाडं आणि शिंदीसारखी ताडवर्गीय झाडं बेटाच्या कडेने वाढतात. त्यांची मुळं जमिनीतलं पाणी ओढतात, पानांतून सोडतात. त्यामुळे बेटाखालची पाण्याची पातळी भोवतीच्या दलदलीपेक्षा खाली जाते आणि दलदलीतलं पाणी सतत बेटाकडे झिरपत राहतं. उघड्या डबक्यातून नुसतं बाष्पीभवन झालं असतं तर मीठ जागच्या जागी राहिलं असतं. इथे झाडं ते ओढून आणतात आणि मुळांशी गाळून बाहेर ठेवतात!

आता थोडं रसायन. पाणी घट्ट होत गेलं की आधी कॅल्शियम कार्बोनेट आणि सिलिका साका धरतात. त्यांनी जमीन फुगते आणि बेट आणखी उंच होतं, म्हणजे झाडांना आणखी जागा. सोडियम बायकार्बोनेट मात्र विरघळलेलंच राहून मध्याकडे सरकतं. शेवटी मधली माती इतकी क्षारट होते की तिथे झाड टिकत नाही. विमानातून पाहिलं तर हिरवी कडा आणि आत पांढरं टक्कल. त्याखालचं जड खारं पाणी घनतेमुळे बोटांसारख्या धारा काढत खोल उतरतं आणि दलदलीपासून तुटतं. दलदल गोडी राहते, झाडं मात्र स्वतःच्या कामाने मरतात.

पुढे कधी पपायरस या उंच पाणगवताने प्रवाह तुंबवला की पाणी दुसरीकडे वळतं. जुनी बेटं कोरडी पडतात आणि पावसाने त्यांचं मीठ हळूहळू खाली धुऊन जातं.

पुराचं उरलंसुरलं पाणी एखाद्या चांगल्या वर्षी बोटेती नदीतून पूर्वेला माकगाडिकगाडीच्या खाऱ्या सपाट खोलगट भागाकडे जातं. पूर्वी तिथे प्रचंड सरोवर होतं. पण सरोवर आटताना मीठ लपवायला बेटांवरची झाडं नव्हती, त्यामुळे ते सगळं उघड्यावर साचलं. तिथल्या सुआ भागातलं खारं पाणी उपसून आज सोडा ॲश (सोडियम कार्बोनेट) आणि मीठ बनवतात.