हृदयाला यंत्राचा आधार आणि हेपॅरिनचा हिशेब

रक्त शरीराबाहेरच्या नळीत शिरलं की गोठू लागतं. नळीच्या आतल्या बाजूला आधी प्रथिनं चिकटतात, मग प्लेटलेट्स, आणि गुठळी धरते. त्यामुळे थकलेल्या हृदयाचं काम यंत्राकडे सोपवायचं, तर रक्त पातळ ठेवणं आलंच.

त्यासाठीचं औषध यंत्राच्या बरंच आधी हाती आलं. १९१६ साली जॉन्स हॉपकिन्समध्ये विल्यम हॉवेल यांच्या प्रयोगशाळेत जे मॅक्लीन हा वैद्यकीय विद्यार्थी रक्त गोठवणारा घटक शोधत होता. त्याला मिळालेल्या अर्काचा गुण नेमका उलटा निघाला. त्यातूनच पुढे हेपॅरिन आलं. माणसाला देण्याइतकं ते शुद्ध व्हायला १९३०चं दशक उजाडलं. ६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फियात जॉन गिबन यांनी १८ वर्षांच्या मुलीच्या हृदयातलं छिद्र हार्ट-लंग मशीनवर बंद केलं. यंत्राने २६ मिनिटं हृदय-फुफ्फुसाचा सगळा भार वाहिला. मुलगी वाचली, पण हेपॅरिन कमी पडल्याने ऑक्सिजनेटरमध्ये, म्हणजे रक्तात ऑक्सिजन मिसळणाऱ्या भागात, रक्त गोठू लागलं होतं.

किती हेपॅरिन पुरेसं, हे खाटेशेजारीच मोजायची सोय पॉल हॅटर्सली यांच्या १९६६च्या एसीटी चाचणीने झाली. नळीत थोडं रक्त घ्यायचं आणि ते किती सेकंदांत गोठतं ते पाहायचं, इतकी साधी. शस्त्रक्रियेत ती उत्तम चालते, कारण तिथे प्रश्न काही तासांचा असतो आणि शेवटी प्रोटामिन देऊन हेपॅरिनचा परिणाम उतरवता येतो.

एक्मोने, म्हणजे हृदय-फुफ्फुसाचं काम कित्येक दिवस शरीराबाहेरून करणाऱ्या यंत्राने, हे गणित बिघडवलं. १९७१ मध्ये डोनाल्ड हिल यांच्या चमूने एका तरुणाला असा आधार तीन दिवस दिला आणि तो वाचला. पण इतके दिवस हेपॅरिन चालू ठेवायचं म्हणजे रक्तस्राव ओढवून घेणं. त्यात अत्यवस्थ रुग्णाचं यकृत, मूत्रपिंड आधीच कोलमडलेलं असतं. यंत्र प्लेटलेट्स खातं, पंपातल्या वेगाने व्हॉन विलेब्रँड फॅक्टर या रक्त गोठायला मदत करणाऱ्या प्रथिनाचे लांब रेणू तुटतात. म्हणून एकाच रुग्णाच्या नाकातून, टाक्यांतून रक्त झिरपत असतं आणि त्याच वेळी ऑक्सिजनेटरवर बॅटरीचा झोत टाकला की काळे ठिपके दिसतात. आयसीयूतला खरा पेच हाच, आणि तो एका आकड्यात मावत नाही. एसीटी, एपीटीटी, अँटी-टेन-ए या हेपॅरिनचा परिणाम मोजणाऱ्या तीन चाचण्या कधीकधी तीन वेगळ्या गोष्टी सांगतात. हेपॅरिन ज्याच्यामार्फत काम करतं ते रक्तातलं प्रथिन, अँटिथ्रॉम्बिन, कमी असेल तर हेपॅरिन वाढवूनही हवा तसा परिणाम मिळत नाही. हेपॅरिनमुळेच प्लेटलेट्स घसरून गुठळ्या होऊ लागल्या, तर ते बंद करून गुठळ्या रोखणारं बायव्हॅलिरुडिनसारखं दुसरं औषध घ्यावं लागतं.

थकलेल्या हृदयाला मदत करायला शरीरातच बसवायच्या पंपांनी लंबक दोन्हीकडे हलवला. हार्टमेट २ या अशा पंपात गुठळ्या कमी होतात असं वाटून अनेक ठिकाणी औषधांचा जोर कमी केला गेला. २०१४च्या एका अहवालात मात्र तीन महिन्यांत पंपात गुठळी होण्याचं प्रमाण २.२ वरून ८.४ टक्क्यांवर गेल्याचं दिसलं. त्यामागे कमी केलेली औषधं हे एक संशयित कारण होतं, एकमेव नव्हे. पुढे चुंबकावर तरंगणाऱ्या रोटरचा हार्टमेट ३ आला आणि पंपातल्या गुठळ्या फार कमी झाल्या. २०२३च्या एरीज चाचणीत त्या रुग्णांची ॲस्पिरिन वगळून फक्त वॉर्फरिनच्या जातीचं रक्त पातळ करणारं औषध ठेवलं, तर रक्तस्राव घटला आणि गुठळ्या वाढल्या नाहीत. मला हा टप्पा फार मोलाचा वाटतो, कारण सवयीने दिलं जाणारं औषध इथे पुराव्यावर काढलं गेलं.

एक्मोवरच्या रुग्णासाठी इतकं पक्कं उत्तर अजून नाही. जोराचा रक्तस्राव सुरू झाला की हेपॅरिन काही तास, कधी त्याहून जास्त थांबवतात, पंपाचा प्रवाह चढा ठेवतात आणि ऑक्सिजनेटर बदलायची तयारी करून ठेवतात.