एअरफिक्सचे शिपाई आणि एचओ-डबलओचा घोळ

ब्रिटनमधल्या साठी-सत्तरीच्या वॉरगेमरला, म्हणजे छोट्या शिपायांच्या फौजा मांडून लढाई खेळणाऱ्याला विचारा, तुझे पहिले शिपाई कुठले, तर बहुतेक वेळा उत्तर येतं एअरफिक्सचे, म्हणजे प्लास्टिकची मॉडेलं काढणाऱ्या ब्रिटिश कंपनीचे, आणि मग गडी थांबतच नाही. धातूचे, रेखीव, महागडे शिपाई नंतर कपाटभर झालेले असतात, पण जीव अडकलेला असतो तो त्या मऊ प्लास्टिकमध्ये, ज्याचे भाले वाकडे आणि ज्यावर रंग टिकायचा नाही.

त्याआधीचं पटकन सांगतो. प्रशियन लष्कराचा १८२४चा नकाशावरचा युद्धखेळ ऑफिसरांच्या ट्रेनिंगसाठी होता, त्यात शिपाई नाहीत, ठोकळे. १८९३ पासून ब्रिटनमध्ये आतून पोकळ शिशाचे शिपाई निघायला लागले, वजन कमी म्हणून स्वस्त. १९१३ला एका नामवंत इंग्रज कादंबरीकाराने त्याच, ५४ मिलिमीटर उंचीच्या शिपायांना स्प्रिंगच्या तोफेने पाडायचे नियम छापले. पण ५४ मिलिमीटरची लढाई म्हणजे अख्खी खोली अडवून जमिनीवर लोळायचं, म्हणजे मोठी घरं असलेल्यांचं काम.

आपली गोष्ट खरी सुरू होते १९५९ला. त्या वर्षी एअरफिक्सचे छोटे शिपाई आले, आणि गंमत बघा, पहिल्या सेटमध्ये लढणारे नव्हतेच, गार्ड्सचा, म्हणजे राजवाड्याच्या पहारेकरी पलटणींचा बँड होता! एका पायदळाच्या बॉक्समध्ये चाळीस-पन्नास जण, किंमत साधारण दोन शिलिंग, म्हणजे पोराच्या खाऊच्या पैशात जवळपास अख्खी बटालियन. १९६२ला साउथॅम्प्टनच्या एका फिजिओथेरपिस्टने वॉरगेमवर पुस्तक काढलं आणि आधी मूठभर लोकांचा असलेला छंद लायब्रऱ्यांमधून शाळकरी मुलांपर्यंत गेला. माझ्या मते छंद वाढला तो नियमांमुळे कमी आणि या दोन शिलिंगांमुळे जास्त, नियम काय कुणीही लिहितं.

सगळे काळ दुकानात मिळायचे नाहीत. वॉटर्लूचे, म्हणजे नेपोलियनच्या शेवटच्या लढाईचे सेट यायला बरीच वर्षं लागली, तोवर लोक अमेरिकन यादवी युद्धाच्या शिपायांच्या टोप्या कापून, वर कागद-पुट्टी चढवून त्यांना नेपोलियनच्या फौजेत भरती करायचे, मुंडकी टाचणीने अदलाबदल करायचे. आणि प्लास्टिक म्हणजे पॉलिथीन, त्यावर इनॅमल रंग लावला की संगीन जरा वाकली तरी टरफल निघायचं. मग आधी साबणाच्या पाण्यात धुवा, पातळ फेविकॉलसारख्या गोंदाचा हात मारा, असे शंभर उपाय. आता तेच शिपाई पन्नास-साठ वर्षांनी कडक होतात आणि घोट्यापाशी तुटतात.

आता मुख्य भांडण, स्केलचं, म्हणजे मॉडेल खऱ्यापेक्षा किती पट लहान याचं. बॉक्सवर लिहिलेलं असायचं एचओ-डबलओ. ही दोन्ही नावं मुळात रेल्वे मॉडेलवाल्यांची, आणि ती एक नाहीतच. एचओ म्हणजे खऱ्या एका फुटाला ३.५ मिलिमीटर, साधारण १:८७. डबलओ म्हणजे फुटाला ४ मिलिमीटर, १:७६. ब्रिटिश इंजिनं आकाराने लहान, त्यांच्यात त्या काळची मोटर बसेना, म्हणून इंजिन मोठं केलं पण रूळ एचओचेच, १६.५ मिलिमीटरचे ठेवले, तेव्हापासून दोन्ही नावं एकमेकांना चिकटलीत. सहा फुटी माणूस एचओत २१ मिलिमीटर भरतो आणि डबलओत २४. मग बॉक्समधला शिपाई नक्की कुठला? तर सेटप्रमाणे वेगळा. वर त्याच कंपनीचे रणगाडे १:७६ आणि विमानं १:७२! सत्तरच्या दशकात जुने सेट नव्याने घडवले, ते मोठे झाले आणि १:७२च्या बाजूला सरकले, रणगाडे मात्र १:७६लाच राहिले. नवीन शिपाई रेखीव आहेत हे कुणीच नाकारत नाही, पण जुन्या लोकांना जुनेच ओबडधोबड बुटके खरे वाटतात, आणि मीही त्यांच्याच बाजूचा, कारण रणगाड्याशेजारी ते शोभतात तरी. आपल्याकडे दिवाळीच्या किल्ल्यावर महाराज दरवाज्यापेक्षा उंच असतात आणि कुणालाही खटकत नाही, इथे मात्र तीन-चार मिलिमीटरवरून मैत्र्या तुटायची वेळ.

१९८१ला कंपनी बुडाली, साचे हातोहात फिरले, आणि २००६ला ब्रँड गेला कुणाकडे, तर डबलओ रेल्वे विकणाऱ्यांकडे. अधूनमधून जुने सेट परत निघतात, लोक घेतात आणि प्लास्टिकचा रंग तो नाही म्हणून कुरकुरतात.

तोवर पुढची पिढी दुसरीकडेच वाढलेली. धातूचे २५ मिलिमीटरवाले फुगत फुगत २८ झाले, कारण कोण तळपायापासून डोळ्यापर्यंत मोजायचं, कोण डोक्याच्या टोकापर्यंत, शिवाय मुंडकी आणि हात मुद्दाम जाड केलेले, लांबून रंग दिसावा म्हणून. १९८३ला वॉरहॅमर हा जादू-राक्षसांच्या दुनियेतला युद्धखेळ आला, १९८७ला त्याचा अंतराळातला भाऊ, आणि त्याच्यासोबत स्पेस मरीनचा, म्हणजे त्यातल्या चिलखती अंतराळ-सैनिकांचा प्लास्टिक बॉक्स, ९.९९ पौंडात ३० जण. आज पन्नाशीच्या आसपासच्यांचे हेच 'पहिले शिपाई', चोचीसारखी हेल्मेटं, गुडघे वाकवून उभे. २०१७ला नवे मरीन आले, चांगले उंच, प्रमाणबद्ध, आणि लगेच एअरफिक्सवाल्यांचंच भांडण नव्याने, जुने बसके खरे की नवे उंच खरे. ज्या मापावर सुरुवात झाली तेच माप डोळ्यात बसतं, बाकी पट्टी काहीही म्हणो. यात किमतीचाही भाग आहे, कारण आता प्लास्टिक सुंदर येतं पण बॉक्समध्ये पाच-दहाच असतात आणि खाऊच्या पैशात काही भागत नाही.

थ्रीडी प्रिंटरमुळे खरं तर वाद मिटायला हवा होता, फाइलला मापच नसतं, टक्के बदला आणि जुन्यांच्या उंचीला आणा. फाइल विकणारे २८ आणि ३२ असे दोन्ही पर्याय देतात, फक्त ते २८ डोळ्यापर्यंत की टोपीपर्यंत, हे बरेचदा कुठेच लिहिलेलं नसतं.