टोल ग्राही

फळमाशीच्या (ड्रॉसोफिला मेलॅनोगॅस्टर) भ्रूणात पाठ व पोट कोणत्या बाजूंना येणार, म्हणजेच पृष्ठ-अधर अक्ष, ठरवणाऱ्या यंत्रणेतील पेशीपटलावरचे ग्राही, म्हणजे बाहेरचा संकेत ओळखून आत पोहोचवणारे प्रथिन. त्याचे जनुक तिसऱ्या गुणसूत्रावर आहे. भ्रूणाला लागणारे प्रथिन मादीने अंड्यात साठवलेल्या आरएनएपासून बनते. त्यामुळे मादीत हे जनुक निकामी असेल, तर नराकडून धडधाकट जनुक येऊनही भ्रूणाला सर्व बाजूंनी पाठच येते. ग्राही कायम सक्रिय ठेवणाऱ्या उत्परिवर्तनांत उलट घडते व अधर बाजूचे गुण पाठीकडे पसरतात.

दिशेची माहिती मुळात कुठे असते, हा प्रश्न बराच काळ गुंतागुंतीचा राहिला. कॅथरिन अँडरसन, क्रिस्टियान न्यूसलाइन-फोलहार्ड व सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये ट्यूबिंगेन येथे टोल नसलेल्या भ्रूणांत निरोगी भ्रूणाचे पेशीद्रव्य टोचले. जिथे टोचले, ती बाजू पोटाची झाली. यावरून दिशा टोलमध्येच साठवलेली असावी, असा अर्थ लावणे स्वाभाविक होते. परंतु १९८८ मध्ये जनुकाचा क्रम उलगडला, तेव्हा टोल हे पटलाच्या आरपार जाणारे प्रथिन असल्याचे दिसले. पुढे ते पटलावर सर्वत्र सारखेच पसरलेले आढळले. आज बहुतेक अभ्यासक दिशा अंड्याबाहेरून येते असे मानतात, व पुराव्याचे पारडे त्याच बाजूला झुकते. अंडे घडत असताना अधर बाजूच्या पुटक पेशींत (अंड्याभोवतीच्या मादीच्या पेशींत) ‘पाइप’ जनुक कार्यरत असते. परिणामी अंड्याचे कवच व पटल यांमधील द्रवात प्रथिनभंजक (प्रथिने तोडणाऱ्या) विकरांची साखळी (‘स्नेक’, ‘ईस्टर’ इत्यादी) त्याच बाजूला पूर्ण होते आणि ‘श्पेट्स्ले’ हे प्रथिन सक्रिय होऊन टोलला जोडले जाते. टोल त्याला जागीच धरून ठेवतो. टोल नसलेल्या भ्रूणात ते द्रवात मोकळे फिरते, म्हणून टोल जिथे टोचावा तिथे पोट तयार होते. जुन्या प्रयोगाचे निरीक्षण अचूकच होते; बदलला तो अन्वयार्थ.

पेशीच्या आत ‘ट्यूब’ व ‘पेले’ या प्रथिनांमार्फत संकेत पुढे जातो, ‘कॅक्टस’ प्रथिन नष्ट होते आणि त्याने अडवून ठेवलेले ‘डॉर्सल’ हे जनुके चालू-बंद करणारे प्रथिन केंद्रकांत शिरते. पोटाच्या मध्यरेषेवर त्याचे केंद्रकांतील प्रमाण सर्वाधिक असते, बाजूंना घटत जाते व पाठीकडे ते केंद्रकाबाहेरच राहते. अधिक प्रमाणामुळे ‘ट्विस्ट’ व ‘स्नेल’ जनुके चालू होऊन मध्यस्तर (ज्यापासून स्नायू वगैरे बनतात) बनतो, मध्यम प्रमाणात चेतास्तराची (ज्यापासून चेतासंस्था बनते) जनुके चालू होतात, आणि डॉर्सल नसते तिथे ‘डीपीपी’ व ‘झेन’ या पाठीकडच्या भागाच्या जनुकांवरील बंधन उठते. डॉर्सलच्या प्रमाणाची ही उतरण इतकी रेखीव कशी होते, याबाबत एकमत नाही. श्पेट्स्लेचे तुटलेले तुकडे सक्रिय श्पेट्स्लेला मध्यरेषेकडे वाहून नेतात, असे एक प्रतिमान मांडले जाते.

प्रौढ माशीत हाच मार्ग बुरशीविरुद्धच्या प्रतिकारात लागतो, हे ब्रुनो लमेत्र व झ्यूल हॉफमन यांच्या गटाने १९९६ मध्ये दाखवले. सस्तन प्राण्यांतील टोलसदृश ग्राही प्रामुख्याने प्रतिकारशक्तीशी निगडित आहेत. म्हणून अक्षनिर्मितीचे काम कीटकांच्या वंशात नंतर जोडले गेले असावे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. ट्रायबोलियम या भुंगेऱ्यात टोल अक्षासाठी लागतो. मात्र तेथे पाठीकडच्या बाजूवर बीएमपी (डीपीपीच्या कुळातील प्रथिने) संकेताचा प्रभाव फळमाशीपेक्षा मोठा दिसतो.