पार्श्वभूमी : वेझिना ट्रॉफी नेमकी कोणाची?

जून १९६३ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकीच्या लीगमधल्या (एनएचएल) मॉन्ट्रियल कॅनेडियन्सने आपला गोलरक्षक जॅक प्लांट न्यूयॉर्क रेंजर्सला दिला आणि त्यांचा गम्प वर्स्ली घेतला. आणखीही काही खेळाडूंची अदलाबदल झाली, पण खरी गोष्ट या दोघांची. प्लांटने मॉन्ट्रियलकडून गोलरक्षकांसाठीची वेझिना ट्रॉफी सहा वेळा जिंकली होती. वर्स्लीने रेंजर्सच्या ढिसाळ बचावामागे दहा हंगाम काढले होते. कोणत्या संघाचा सर्वांत जास्त त्रास होतो, या प्रश्नावर त्याने आपल्याच संघाचं नाव घेतल्याचं आजही सांगतात.

न्यूयॉर्कला जाताच प्लांटची सामन्यामागे गोल खाण्याची सरासरी तीनच्या वर गेली. वेझिना मॉन्ट्रियलमध्येच राहिली, ती तिथल्याच गोलरक्षक चार्ली हॉजला मिळाली. पुढे वर्स्लीने तिथेच दोन वेळा ती सहकाऱ्यासोबत वाटून घेतली आणि लीगच्या विजेत्या संघाला मिळणारे चार स्टॅनले कपही जिंकले. प्लांट संपला होता म्हणावं, तर वयाच्या चाळिशीत सेंट लुईसकडून खेळताना त्याने सहकारी गोलरक्षक ग्लेन हॉलसोबत पुन्हा वेझिना मिळवली. माणसं तीच होती. बदलली होती ती त्यांच्यापुढची बचावफळी.

घोळ ट्रॉफीच्या नियमातच होता. मॉन्ट्रियलचा गोलरक्षक जॉर्ज वेझिना याच्या स्मरणार्थ १९२६-२७ पासून दिली जाणारी ही ट्रॉफी, ज्या संघावर सर्वांत कमी गोल झाले त्याच्या गोलरक्षकाला मिळे. म्हणजे आकडा संघाचा आणि नाव एकाचं. खेळाचे नियमही या आकड्यात मिसळलेले असत. मॉन्ट्रियलचाच गोलरक्षक जॉर्ज हेन्सवर्थ याने १९२८-२९ मध्ये ४४ पैकी २२ सामन्यांत एकही गोल होऊ दिला नाही. तेव्हा आक्रमण क्षेत्रात, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या गोलाकडच्या भागात, पुढे पास देता येत नव्हता. पुढच्या हंगामात ती मुभा मिळाली आणि त्याचे असे सामने ४ वर आले.

चांगला बचाव म्हणजे फक्त कमी शॉट नव्हे. बचावपटू आक्रमकाला कडेच्या फळीकडे रेटतो, शॉट वाकड्या कोनातून येतो, गोलरक्षकाला पक (बर्फावरून मारायची रबरी चकती) स्पष्ट दिसतो आणि रिबाउंड, म्हणजे अडवल्यावर परत उसळलेला पक, सहकारी दूर ढकलतो. याउलट जाळीसमोरून आडवा पास गेला, तर गोलरक्षकाला एका खांबाकडून दुसऱ्या खांबाकडे सरकता सरकता शॉट अडवावा लागतो. कागदावर दोन्ही वेळा नोंद एकच, एक शॉट!

१९८१-८२ पासून वेझिनाचा विजेता संघांचे जनरल मॅनेजर मतदानाने ठरवू लागले आणि सर्वांत कमी गोलांसाठी वेगळी जेनिंग्ज ट्रॉफी आली. शॉट अडवण्याच्या टक्केवारीलाही महत्त्व आलं. गोलांच्या सरासरीपेक्षा ती नक्कीच न्याय्य, पण सोपा शॉट आणि अवघड शॉट तीही एकाच मापाने मोजते.

या वादात सर्वांत जास्त ओढला गेला तो न्यू जर्सी डेव्हिल्सचा गोलरक्षक मार्टिन ब्रोडर. या संघाने मैदानाच्या मध्यपट्ट्यातच प्रतिस्पर्ध्याची कोंडी करणारा 'ट्रॅप' खेळून १९९५ चा स्टॅनले कप जिंकला. त्यामुळे ब्रोडरचे ६९१ विजय आणि गोल न खाल्लेले १२५ सामने संघाच्या बचावव्यवस्थेच्या खात्यात टाकणारे पुष्कळ. मला ते अन्यायाचं वाटतं. स्कॉट स्टीव्हन्स आणि स्कॉट नीडरमायर हे बिनीचे बचावपटू गेल्यानंतरही त्याने २००७ आणि २००८ मध्ये वेझिना जिंकली. शिवाय जाळी सोडून पुढे येत तो स्वतःच पक खेळवायचा. त्यामुळे जे शॉट झालेच नाहीत, त्यांचं श्रेय कुठल्याच टक्केवारीत दिसत नाही. २००५ मध्ये गोलरक्षकाला गोलरेषेमागे ठरावीक चौकटीतच पक खेळवण्याचं बंधन आलं. त्या नियमाला लोक ब्रोडरच्याच नावाने ओळखतात.

दुसऱ्या टोकाला रॉबर्टो लुओंगो. २००३-०४ मध्ये फ्लोरिडा पँथर्सकडून त्याने एका हंगामात २,३०३ शॉट अडवण्याचा विक्रम केला, तरी संघ प्लेऑफच्या, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांच्या, बाहेरच राहिला. त्या वर्षीची वेझिना ब्रोडरला मिळाली. आता शॉटची जागा आणि कोन धरून अपेक्षित गोल काढतात आणि त्यापेक्षा किती कमी खाल्ले, यावर गोलरक्षक जोखतात. लुओंगो २०२२ मध्ये हॉकीच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत, गेला. वेझिना मात्र त्याला एकदाही मिळाली नाही.